नेऱ्याची मंडळी

‘मंडळी’ हा मराठीतला एक गमतीचा शब्द आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत एखाद्याने ‘मंडळी माहेरी गेली आहेत’ असे सांगितले, की त्याच्या घरी सध्या चहा मिळणार नाही हे ऐकणाऱ्याने ओळखावे. कीर्तनकार समोरच्या श्रोत्यांना मंडळी म्हणतो, नाटकवाले आपल्या कंपनीला मंडळी म्हणत. आणि मराठी ख्रिस्ती माणूस ‘आमची मंडळी’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात चर्च असते; पण चर्चची इमारत नव्हे, तर तिथे जमणारी माणसे. इतका नेमका अर्थ इंग्रजीलाही साधलेला नाही, असे मी वर्गात दरवर्षी सांगतो. मुले तो लिहून घेतात. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून विसरतातही.

यंदा दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला नेहमीपेक्षा दुप्पट जागा दिली आणि ‘काहीतरी प्रसन्न लिहा’ असे वर बजावले. मी पेन घेऊन बसलो, तेव्हा आमच्या घरची मंडळी आतून म्हणाली, “मग त्या कांदेवाल्या बाबांचंच लिहा की! किती दिवस मनात ठेवणार आहात?”

प्रसंग मनात ठेवण्याजोगाच होता, कारण त्यात माझी फजिती आहे. पण सौ. एकदा म्हणाली की ते लिहावेच लागते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पनवेलच्या एस. टी. स्टँडवरून मी रोज कॉलेजला जातो. आमचे पनवेल आता महानगरपालिका झाले आहे, २०१६ सालीच झाले. पण स्टँडवरची धूळ, रिक्षावाल्यांचे आवाज आणि कोकणात जाणाऱ्यांची बोचकी यांना ती बातमी अजून कोणी कळवलेली दिसत नाही. त्या स्टँडच्या भिंतीलगत एक माणूस बसू लागला. साठीच्या आतबाहेरचा. दाढी छातीपर्यंत, केसांच्या जटा, अंगावर दोन सदरे एकावर एक, आणि पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. कोणाकडे काही मागत नसे. स्वतःशीच काही पुटपुटत असे, आणि कोणी जवळून गेले की मान वर करून एकच शब्द बोले, “मोसम... मोसम...”

पहिल्या दिवशी मी दचकलो. दुसऱ्या दिवशी दचकलो नाही. आठवड्याभरात तो मला भिंतीवरच्या जाहिरातीसारखा वाटू लागला. एकदा मात्र बसला उशीर होता, म्हणून मी एक वडापाव घेऊन त्याच्यापुढे ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “मोसम.”

मी आभाळाकडे पाहिले. मे महिन्याचे ऊन कढत होते. म्हणालो, “हां बाबा, मोसम बहुत खराब है.”

एवढे हिंदी बोलून मला बरे वाटले. त्याच दिवशी वर्गात परकीय शब्दांचा धडा होता. मी मोठ्या रंगात येऊन सांगितले की, अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरावीक काळ, हंगाम. तो फारसीतून हिंदी-मराठीत मोसम झाला, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत फिरत इंग्रजीत मान्सून झाला. उदाहरण ताजे असावे, म्हणून मी स्टँडवरच्या वेड्याची नक्कलही केली. वर्ग हसला. मीही हसलो.

हे मला आज लिहावे लागत आहे.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर तो दिसेनासा झाला. चार दिवसांनी मी चहावाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “त्याला नेऱ्याच्या आश्रमवाल्यांनी नेलं, सर. ते पास्टरचं आश्रम नाही का? त्या फुलवाल्या मावशीनं फोन केला होता. पायात किडे पडले होते त्याच्या.”

फुलवाली मावशी माझ्या रोजच्या वाटेवरच बसते. तिच्याकडून मी दर गुरुवारी हार घेतो. माझ्यासारखीच तीही त्याला रोज पाहत होती. फरक इतकाच की तिने त्याच्या पायांकडे पाहिले होते.

आणि त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? तोही सांगतो, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात तोच आला असेल. मी मनात म्हणालो, ‘पास्टरचे आश्रम! म्हणजे त्याला आता बाटवतील.’ दोन महिने त्या माणसाला एक वडापाव देणाऱ्या मला त्याच्या धर्माची काळजी लागली! तसे पाहिले तर पनवेलकराला दुसऱ्याचा देव नवा नाही. बेने इस्रायलींचे बेथ एल सिनेगॉग या गावात १८४९ पासून उभे आहे, मशिदींची बांग आणि देवळातली काकडआरती एकाच पहाटे ऐकू येतात. तरी शंका यायची ती आलीच.

हे आश्रम म्हणजे ‘सील’. सोशल अँड इव्हँजेलिकल असोसिएशन फॉर लव्ह या लांबलचक नावाचे ते संक्षिप्त रूप. पास्टर के. एम. फिलिप यांनी १९९९ साली त्याचा प्रारंभ केला. जागा पनवेल तालुक्यात नेऱ्याजवळची वांगणी. (बदलापूर-कर्जत रेल्वेवरची वांगणी ती वेगळी, पाहुण्यांना पत्ता देताना आम्हा पनवेलकरांना हा खुलासा नेहमी करावा लागतो.) मुंबईच्या फलाटांवर, पुलांखाली, फुटपाथवर पडलेली, कोणाची म्हणून ओळख न उरलेली माणसे ही मंडळी उचलून आणतात, त्यांच्या जखमा धुतात, औषधोपचार करतात, आणि मग सर्वांत अवघड काम हाती घेतात: त्यांचे घर शोधणे. अशी शेकडो माणसे आजवर आपापल्या घरी पोहोचली आहेत.

नेऱ्याच्या मातीतच हे असावे. कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ तिथेच १९५१ पासून आहे. ती गांधीविचारांची माणसे, ही येशूला मानणारी. तिकडे कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवते. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर्तमानपत्रात तो वाचला, अभिमान बाळगला आणि पान उलटले.

माझी आणि त्या बाबांची पुन्हा गाठ पडली ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने. कॉलेजात हे काम माझ्याकडे आहे. म्हणजे ज्या प्राध्यापकाला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे ते असते. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांनी वर्गणी काढून धान्य, साबण, कांदे-बटाटे जमवले आणि म्हणाली, “सर, सीलला जाऊ या.” टेम्पोत मुले मागे आणि मी ड्रायव्हरशेजारी, असे आम्ही गेलो. गाढी नदीच्या बाजूने जाणारा तो रस्ता पावसाळ्यानंतर फार सुरेख दिसतो. माथेरानचा डोंगर समोर असतो.

तिथे जाऊन आम्ही काही फार मोठी सेवा केली असे नाही. मुलांनी आवार झाडले, भाज्या निवडल्या, दोन मुलींनी गाणी म्हटली. कांद्याच्या गोण्या ओसरीवर ओतल्या होत्या. एक स्वच्छ दाढी केलेला, पांढऱ्या केसांचा गृहस्थ कोणी न सांगता त्या ढिगाशी येऊन बसला आणि कांदे निवडू लागला. आमची मुले चांगला आणि सडका असे दोनच भाग करत होती. याने पाहता पाहता चार ढीग केले. कांदा हातात घ्यायचा, मान चिमटीत दाबून पाहायची, टरफलावरून अंगठा फिरवायचा, आणि बरोबर त्या त्या ढिगात टाकायचा. सर्वांत लहान कांद्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून तो आमच्या एका विद्यार्थ्याला म्हणाला, “ही गोल्टी.”

त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे शेवटचे पेर नव्हते.

मी जरा जवळ सरकलो. माझ्याकडे मान वर करून तो म्हणाला, “मोसम.”

तेव्हा कुठे मी त्याला ओळखले. त्याने मला ओळखले नसावे. निदान मी तशी आशा करतो.

तिथल्या एका कार्यकर्त्याने मला सांगितले, “नाव सांगतात, पण नुसतं नावच. गाव विचारलं की हेच, मोसम. आम्हाला वाटतं पावसाबद्दल काही भीती बसली असावी. पुरात घर गेलं असेल.” हे बिचारे मूळचे केरळचे. त्यांची हिंदी उत्तम, मराठी कामापुरती. रोज कोणी बंगाली बोलतो, कोणी तेलुगू, कोणी काहीच बोलत नाही. एखाद्याच्या तोंडून देवळाचे, बाजाराचे किंवा शाळेचे नाव निघाले तर त्या धाग्यावरून जिल्हा शोधायचा, मग पोलीस ठाण्याला फोन, मग गावच्या सरपंचाला. मी त्यांना म्हणालो, “थोडा वेळ बसतो यांच्याजवळ.” शिक्षक माणूस, ओसरीवर मांडी घालून बसलो आणि कांदे निवडू लागलो. माझे निवडणे त्याला पसंत नव्हते. मी ठेवलेला कांदा तो उचलून दुसरीकडे टाकी.

थोड्या वेळाने आमचा एक विद्यार्थी गोणी उचलताना घसरला. बाबा चटकन उठला, त्याचा दंड धरला आणि म्हणाला, “मन्हा आंडोर! लागनं का रे?”

वाचकहो, एम. ए. झाल्यावर आपण जे शिकलो त्याचा जगाला काही उपयोग आहे की नाही, अशी शंका मला वीस वर्षे येत आहे. त्या क्षणी ती थोडी दूर झाली. ‘आंडोर’ म्हणजे मुलगा. ‘मन्हा आंडोर’ म्हणजे माझा मुलगा. ही अहिराणी. बहिणाबाईंची बोली ती हीच, असे विद्यार्थी दरवर्षी लिहितात आणि मी दरवर्षी ते तांबड्या शाईने खोडतो. बहिणाबाई जळगावकडच्या, त्यांची लेवा बोली. अहिराणी बोलली जाते ती धुळे-नंदुरबारला, चाळीसगाव-अमळनेरकडे, मालेगावला आणि बागलाणात. वसतिगृहात माझा खोलीसोबती बागलाणातला, सटाण्याकडचा होता. त्याने मला अहिराणी शिव्या आधी शिकवल्या आणि वाक्ये नंतर. कानबाईच्या सणाला त्याच्या गावी मी रोटही खाल्ले होते. आणि त्याच्या गावाजवळून एक नदी वाहत होती. सह्याद्रीत उगम पावते, हरणबारीचे धरण तिच्यावर आहे, नामपूर तिच्या काठी आहे, आणि मालेगावला ती गिरणेला मिळते.

त्या नदीचे नाव मोसम.

ऑक्टोबर असूनही माझे कान तापले. अरबी मौसिम, फारसी, पोर्तुगीज मान्सून हा माझा सगळा प्रवास डोळ्यांपुढून गेला. माणूस दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला पत्ता सांगत होता, आणि मराठीचा प्राध्यापक त्याला हवामान खराब असल्याचे कळवत होता!

मी माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत विचारले, “बाबा, तुमनं गाव कोनतं शे? मोसमना काठवर?”

त्याच्या हातातला कांदा हातातच राहिला. सात वर्षांत त्याला कोणी या भाषेत हाक मारली नसावी. तो हसला नाही की रडला नाही. कांदा नीट ढिगात ठेवला आणि मग एका दमात गावाचे नाव सांगितले, विहिरीचे सांगितले, बैलांची नावे सांगितली, आणि घरावरून जाणाऱ्या वाटेवर कोणते झाड आहे तेही सांगितले. गावाचे नाव मी इथे लिहीत नाही.

पुढचे काम माझे नव्हते, तरी मी त्यात लुडबूड केली. खोलीसोबत्याला फोन लावला. तो आता तिकडेच शाळामास्तर आहे. त्याने फोटो आसपासच्या गावांतल्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. इकडे आश्रमवाल्यांनी त्यांच्या रीतीने पोलीस ठाण्याला कळवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका तरुणाचा फोन आला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग त्याने विचारले, “सर, उजव्या हाताचं बोट आहे का?”

मी म्हणालो, “पहिलं बोट अर्धं आहे.”

“कडबाकुट्टीत गेलेलं,” तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

या फोन ठेवण्याने मी अस्वस्थ झालो. सौ. म्हणाली, “रडत असेल हो.” असेलही. पण दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा कळले की प्रश्न नुसता रडण्याचा नव्हता. बाबांना भास होत, कोणी मारायला येते असे वाटे. एका रात्री घरातून निघाले. दोन वर्षे शोधले. पैसे संपले, उमेद संपली. सहा महिन्यांपूर्वी भावकीने सांगितले म्हणून क्रियाकर्म केले. आईने कुंकू पुसले. जमिनीवर मुलाचे नाव लागले. बहिणीचे लग्न ठरत आले होते. आणि आता वडील जिवंत! “सर, आणतो त्यांना,” तो म्हणाला, “पण पुन्हा गेले तर? आईला दोनदा कसं सहन होईल?”

याला मी काय उत्तर देणार? मी तो प्रश्न तसाच आश्रमातल्या कार्यकर्त्याकडे नेला. त्यांनी ते ऐकून मुळीच आश्चर्य दाखवले नाही. हा प्रश्न त्यांना पाठ असावा. त्यांनी मुलाला फोनवर शांतपणे सांगितले की, हा मधुमेह-रक्तदाबासारखा आजार आहे, गोळी रोज घ्यायची, बरे वाटले म्हणून थांबवायची नाही. गोळ्या थांबल्या की माणूस पुन्हा वाट धरतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची औषधे मिळतात, तिकडे दर महिन्याला न्यायचे. हे त्यांनी मोडक्या मराठीत तीन वेळा सांगितले, आणि तीन वेळा त्याच्याकडून वदवून घेतले.

त्या निमित्ताने मला एक गोष्ट कळली, तीही लिहून ठेवतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा असे सांगतो की, असा भटकणारा आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण दिसला, तर त्याला संरक्षणात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत त्याला सरकारी रुग्णालयात न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही, हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. म्हणजे मला आश्रमाचा नंबर ठाऊक नव्हता असे धरले, तरी पोलीस चौकी स्टँडपासून फार लांब नव्हती. सोपे होते. मी बस पकडत होतो.

बायबलात एक गोष्ट आहे, ती मी पूर्वी वाचली होती. लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस रस्त्याच्या कडेला पडलेला असतो. एक धर्मगुरू त्या वाटेने येतो आणि पलीकडून निघून जातो. मग मंदिरातला सेवक येतो, तोही पलीकडून जातो. शेवटी ज्यांना सगळे तुच्छ मानत त्या शोमरोनी जातीचा एक वाटसरू थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो. येशूने कथेत दोघांनाच पलीकडून जाऊ दिले. तिसरा एखादा व्युत्पत्ती सांगत जाणारा मास्तर त्यात बसला असता.

आणि बाटवण्याचे काय? तो प्रश्नही मी चाचरत त्या कार्यकर्त्याला विचारला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, त्यांना स्वतःचं नाव आठवत नसतं. आधी ते आठवू दे.” तिथे प्रार्थना होते; ती ते लपवत नाहीत, आणि येशूच्या नावानेच हे सगळे करतो हेही लपवत नाहीत. बाबांच्या गळ्यात सप्तशृंगीच्या देवीचा काळा पडलेला टाक होता. स्टँडवर असताना होता की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी कधी पाहिलेच नव्हते. पण निघायच्या दिवशी तो होता, आणि त्याचा दोरा नवा होता.

मुलगा आणि मामा पहाटेच्या गाडीने आले. मी मुद्दाम रजा काढली होती. मुलगा तिशीचा, उन्हाने रापलेला. आल्यापासून चप्पल काढून उभाच. बाबांना बाहेर आणले. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि त्यांना ओळख पटेना. सात वर्षांत मुलाला मिशा आल्या होत्या, अंग भरले होते. मुलगा “आबा” म्हणाला आणि पुढे त्याला शब्द फुटेना. मामांनी तोंड फिरवले. मला वाटले, आता हे जमत नाही.

बाबांनी मुलाचा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. कांदा पाहतात तसाच. मग विचारले, “कांदा चाळमा भरा का?”

“भरा ना, आबा,” मुलगा म्हणाला.

त्यांची जीप गेल्यावर तो कार्यकर्ता लगेच आत गेला. पहाटे कुर्ल्याहून कोणाला तरी आणले होते, त्याच्या पायाची जखम धुवायची राहिली होती.

मुलाचा अधूनमधून फोन येतो. सगळे गोड झाले असे तो म्हणत नाही. आई पहिले दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र जी भांडली, की अख्खी गल्ली गोळा झाली. मग तिने कुंकू लावले आणि भाकरी टाकायला बसली. भावकीत कुजबुज झाली. बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे गेले, पण झाले. गोळ्यांची पिशवी आई आपल्या कमरेला ठेवते. बाबा काही दिवस बरे असतात, काही दिवस नुसते नदीवर जाऊन बसतात. तेव्हा घरातले कोणीतरी थोड्या अंतरावर बसून राहते.

फुलवाल्या मावशीला मी ही सगळी हकिकत सांगितली. तिने हार बांधता बांधता ऐकली आणि म्हणाली, “घरी गेला ना? मग झालं.” आणि गुरुवारच्या हाराचे पूर्ण पैसे घेतले.

गेल्या आठवड्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला: सटाण्याहून आपल्या नावाची एक गोणी आली आहे, घेऊन जा. गोणी घरी आली, गॅलरीत ओतली. सौ. निवडायला बसली, बराच वेळ वर-खाली करत राहिली, आणि मग आतून ओरडली, “अहो, यात गोल्टी एकसुद्धा नाही!”